मधुमेह आहे आणि मणक्याचं ऑपरेशन ठरलंय? जखमेत पू होऊ नये म्हणून घरच्यांनी काय काय बघायचं

मणक्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरातले सगळे थिएटरमधल्या त्या काही तासांची धास्ती घेतात. पेशंटला मधुमेह असेल तर त्याआधीचे दोन-तीन महिने आणि नंतरचे तीन महिनेही तितकेच जपायचे असतात. आणि त्या काळातलं बरंचसं काम डॉक्टरांपेक्षा घरच्यांच्या हातात असतं.

माझ्या वडिलांना, अण्णांना, वीसेक वर्षांचा मधुमेह. कमरेत नस दबली, चार पावलं चाललं की पाय भरून यायचे, म्हणून स्क्रू-रॉड घालून ऑपरेशन झालं. पुढे जखमेत पू झाला, ती पुन्हा उघडून धुवावी लागली. आज ते रोज बाजारात चालत जातात. त्यांचे शुगरचे डॉक्टर सांगलीत, सर्जन पुण्यात. दोघेही आपापल्या कामात चोख, पण दोघांचं एकमेकांशी बोलणं होण्याची सोयच कुठे नव्हती. त्यामुळे इकडचा निरोप तिकडे पोचवणं हे आमचं काम होतं, आणि ते तुमचंही असणार आहे. कुणाला, कधी, काय विचारायचं हे इथे क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुठलीही गोळी बंद-चालू करणं आणि डोस ठरवणं तुमच्या डॉक्टरांकडेच.

आधी थोडं कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या सूचना जाचक वाटणार नाहीत. शुगर वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. त्या जखमेपाशी उशिरा पोचतात आणि पोचल्या तरी जंतूंना नीट मारू शकत नाहीत. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतात, म्हणून जखमेला प्राणवायू कमी मिळतो आणि ती सावकाश भरते. त्यात धातूचे स्क्रू असतील तर जंतू त्यावर चिकट थर करून बसतात आणि त्या थरात अँटिबायोटिक नीट शिरत नाही. मधुमेहींमध्ये मणक्याच्या ऑपरेशननंतर जंतुसंसर्गाचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट धरला जातो. तरीही बहुतेक मधुमेहींच्या जखमा व्यवस्थित भरतात, हेही तितकंच खरं.

१. ऑपरेशन थांबू शकतं का, हे सगळ्यात आधी विचारा

कंबरदुखी, पायाला मुंग्या, चालताना पाय भरून येणं अशा तक्रारींसाठीचं ऑपरेशन बहुतेक वेळा काही आठवडे पुढे ढकलता येतं. सर्जनना सरळ विचारा: "शुगर आटोक्यात आणण्यासाठी दोन महिने घेतले तर नसेचं काही नुकसान होईल का?" या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं वेळापत्रक अवलंबून असतं.

मात्र पायातली ताकद झपाट्याने कमी होत असेल, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली असेल, बसायच्या जागेची संवेदना गेली असेल, तर शुगरसाठी थांबायचं नसतं. तेव्हा इन्सुलिनची ड्रिप लावून त्याच दिवशी ऑपरेशन करतात. अशा वेळी घरी कुणी "आधी शुगर आटोक्यात आणू या" म्हणालं तरी ऐकू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

२. तीन महिन्यांची शुगर, आणि ती कधी फसवते

एचबीएवनसी ही तपासणी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. ७ टक्के म्हणजे सरासरी साधारण १५४, ८ टक्के म्हणजे १८३, ९ टक्के म्हणजे २१२. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते की थांबता येण्यासारखं ऑपरेशन असेल तर शक्य तिथे हा आकडा ८ च्या खाली असावा. काही सर्जन साडेसात मागतात. तुमच्या सर्जनचा आकडा कोणता, ते पहिल्याच भेटीत विचारून फाईलवर लिहून ठेवा.

लोक हमखास करतात ती गोष्ट अशी: ऑपरेशनआधीचे चार दिवस कडक पथ्य, उपाशीपोटीची शुगर १२० आली, म्हणजे झालं. चार दिवसांत एचबीएवनसी हलत नाही. कमी व्हायला आठवडे लागतात, म्हणूनच पहिली पायरी आधी.

दुसरी बाजू आपल्याकडे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. हा आकडा रक्तातल्या तांबड्या पेशींवर मोजतात. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर तो खोटा जास्त येऊ शकतो. आणि बायकांमध्ये हे किती सर्रास आहे ते सांगायला नको. उलट सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (तांबड्या पेशींचे आनुवंशिक आजार), जुना किडनीचा आजार किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर तो खोटा कमी येऊ शकतो. विदर्भात, नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. त्यातलं काही असेल तर फिजिशियनना सांगा. मग ते फ्रुक्टोसामिन ही दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी तपासणी करतात किंवा घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदींवर भर देतात.

ज्यांना मधुमेह नाही असं वाटतं त्यांचीही ही तपासणी करून घ्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. कित्येकांना ऑपरेशनच्या तपासण्यांमध्येच पहिल्यांदा कळतं.

३. गोळ्यांची यादी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घाला. बीपीची, रक्त पातळ करणारी, सांधेदुखीची, आयुर्वेदिक, कुणी सुचवलेली चूर्णं, सगळी. ही पिशवी भूलतज्ज्ञांसमोर रिकामी करा. "शुगरची एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी" एवढ्या माहितीवर त्यांना काही ठरवता येत नाही.

गोळीचं ब्रँडचं नाव सोडून द्या, पाकिटामागचं औषधाचं नाव वाचा. त्यात डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा कॅनाग्लिफ्लोझिन असा शब्द दिसला तर त्याखाली लाल रेघ मारा. ही लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये सांगितलं की ठरवून करायच्या ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी ती थांबवावीत. कारण उपासाच्या आणि ऑपरेशनच्या ताणात ती चालू असली तर रक्तात आम्ल साठतं, आणि फसवी गोष्ट ही की त्या वेळी शुगर बऱ्यापैकी नॉर्मल दिसू शकते. उलट्या, धाप, गळून जाणं हे सगळं "भुलेमुळे होतंय" म्हणून दुर्लक्षित राहतं. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून ते स्वस्तात मिळतं आणि मेटफॉर्मिन या शुगरच्या नेहमीच्या औषधासोबत बऱ्याचदा एकाच गोळीत असतं, त्यामुळे आपण ते घेतोय हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मेटफॉर्मिन बहुधा ऑपरेशनच्या दिवशी बंद ठेवतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर शुगर एकदम खाली जाते, म्हणून त्या सकाळी घेत नाहीत. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन सहसा पूर्ण बंद करत नाहीत, कमी करतात. किती, ते लिहून घ्या. सेमाग्लुटाइडसारखी वजन आणि शुगर कमी करणारी इंजेक्शनं चालू असतील तर पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा.

आणखी एक गोष्ट: पाठीत दुखण्याचं स्टेरॉइडचं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर ते सर्जनना सांगा, आणि त्यानंतर ऑपरेशन किती दिवसांनी, ते विचारा. त्या इंजेक्शनने शुगर काही दिवस चांगलीच चढते, आणि ते फार जवळ असेल तर जंतुसंसर्गाची भीतीही वाढते. ते दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं असलं तर सर्जनना कळणार कसं?

या सगळ्यांचा एक कागद करा: औषध, डोस, शेवटची गोळी कधी, पुन्हा सुरू कधी. शुगरच्या डॉक्टरांची सही घ्या आणि सर्जन व भूलतज्ज्ञ दोघांना दाखवा.

४. अंगातले जंतूंचे अड्डे शोधा

पायांपासून सुरुवात करा. मधुमेहात पायाची संवेदना कमी असते. बोटांच्या बेचक्यातली चिखली, टाचेची भेग, चपलेने झालेला घट्टा पेशंटला जाणवतही नाही. तुम्ही स्वतः खाली बसून, उजेडात, दोन्ही तळवे बघा. किडलेला दात, हिरडीचा पू, लघवीला जळजळ, पाठीवरचं गळू, जांघेतला गजकर्ण यांपैकी काहीही असलं तर आधी त्याचा उपचार. पाठीवरचं गळू तर लपवूच नका. चीर त्याच्या शेजारीच पडणार आहे.

नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस हा अशा जखमांमधला नेहमीचा जंतू. काही हॉस्पिटलांत नाकाचा स्वॅब घेतात आणि तो सापडला तर मुपिरोसिनचं मलम दिवसातून दोनदा, पाच दिवस लावायला देतात. तुमच्याकडे ही पद्धत आहे का, ते विचारा.

तंबाखू सुटायलाच हवी. बिडी, सिगारेट, गुटखा आणि मिश्रीही. मिश्री लावणाऱ्या आजी "मी तंबाखू खात नाही" असंच सांगतात, त्यामुळे वेगळं विचारावं लागतं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही आणि हाडही जुळत नाही. किमान चार आठवडे आधी बंद.

खाण्यात भात-पोळी आवरताना प्रथिनं आवरू नका. पथ्याच्या नावाखाली मधुमेही माणूस भाजी-भाकरीवर येतो, आणि जखम भरायला लागतं तेच ताटातून गायब होतं. अंडी, मासे, पनीर, दही, मोड आलेली कडधान्यं, घट्ट वरण रोज हवं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन तपासून घ्या, ३.५ च्या खाली असेल तर आहारतज्ज्ञांना भेटा. किडनीचा त्रास असलेल्यांनी प्रथिनं किती, ते डॉक्टरांना विचारूनच.

५. फाईल आणि पैसे

- एचबीएवनसी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन, लघवी, ईसीजी यांचे रिपोर्ट. एमआरआयची सीडी किंवा फिल्म, नुसता रिपोर्ट नको
- औषधांचा तो सहीचा कागद, आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती वर मोठ्या अक्षरात
- घरच्या शुगरची वही
- आधार कार्ड, रेशन कार्ड, विमा पॉलिसी व तिचं कार्ड
- स्वतःचा ग्लुकोमीटर, पुरेशा स्ट्रिप, इन्सुलिन थंड ठेवायची सोय

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण तुमचं नेमकं ऑपरेशन त्या यादीत आणि ते हॉस्पिटल योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्रांकडून (हॉस्पिटलात बसणारे योजनेचे मदतनीस) दाखल होण्याआधी पक्कं करा. खासगी विमा असेल तर फॉर्ममध्ये मधुमेह नोंदवलेला आहे ना ते बघा. आधीच्या आजारांसाठीची थांबण्याची मुदत २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. कॅशलेस मंजुरीत पुन्हा ऑपरेशनची वेळ आली तर किती रक्कम उरते, तेही विचारून ठेवा.

६. ऑपरेशनचा दिवस

सकाळचा पहिला नंबर मागा. मधुमेही माणसाला दुपारपर्यंत उपाशी ठेवणं टाळता येतं, आणि मागितलं तर बहुतेक सर्जन देतात.

पाठीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. वस्तऱ्याने बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना तिथेच वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचनांमध्येही वस्तरा नको असंच आहे. गरज असली तर हॉस्पिटलात क्लिपरने काढतात. आदल्या रात्री किंवा त्या सकाळी साबणाने स्वच्छ अंघोळ, धुतलेले कपडे, धुतलेला टॉवेल.

वाट बघताना घाम फुटला, थरथर झाली, पेशंट असंबद्ध बोलू लागला तर लगेच सिस्टरना सांगून शुगर तपासून घ्या. तोंडात साखर घालू नका, उपास मोडतो. ते शिरेतून ग्लुकोज देतात.

अँटिबायोटिक चीर देण्याआधी तासाभरात शिरेतून जातं. नंतर ते दिवसेंदिवस चालू ठेवून जंतुसंसर्ग टळतो असं नाही, त्यामुळे "अजून चार दिवस इंजेक्शनं द्या" असा हट्ट धरू नका.

७. वॉर्डातले दिवस

ऑपरेशनच्या ताणानेच शुगर चढते. त्यात भुलेनंतर उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलेलं असेल तर आणखी. साधारण १०० ते १८० च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न असतो. ८०-९० वर आणायच्या मागे लागू नका. फार कडक शुगरने पेशंटचं नुकसान होतं, हे अतिदक्षता विभागातल्या पेशंटवर झालेल्या २००९ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. आकडा सतत १८० च्या वर राहत असेल तर मात्र विचारा की इन्सुलिन कोण ठरवतंय. सर्जनच्या राउंडला फिजिशियन नसतात आणि फिजिशियनच्या राउंडला सर्जन, म्हणून आकड्यांची वही तुमच्या हातात हवी.

अण्णांनी आयुष्यभर गोळ्या घेतल्या, इन्सुलिनला त्यांचा विरोध. "एकदा लागलं की सुटत नाही" हे त्यांचं पक्कं मत. जखम भरेपर्यंत इन्सुलिन, नंतर डॉक्टर ठरवतील त्याप्रमाणे पुन्हा गोळ्या, असं फिजिशियननी त्यांना स्वतः समजावलं तेव्हा ते तयार झाले. हे बोलणं ऑपरेशनच्या आधी घडवून आणा, वॉर्डात नको.

भेटायला येणाऱ्यांना आधीच फोन करून सांगा: शिरा, लाडू, बिस्किटं, ग्लुकोज पावडर नको. आणि पलंगावर बसायचं नाही.

डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा अँटिबायोटिक आणि दुखण्याची गोळी असते, पण इन्सुलिन किती, कधीपर्यंत, थांबवलेल्या गोळ्या कधी सुरू, यातलं काही नसतं. ते लिहून घेतल्याशिवाय घरी निघू नका.

८. घरी: जखम

जखमेला हळद, कोरफड, तेल, पावडर, राख, काहीही लावायचं नाही. शेक नाही, मालिश नाही. पायांना गरम पाण्याची पिशवीही नको. संवेदना नसल्यामुळे भाजलेलं कळत नाही.

कमरेची जखम शौचाच्या जागेच्या जवळ असते. कमोड किंवा कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा, आणि स्वच्छतेचं पाणी ड्रेसिंगपर्यंत जाणार नाही हे शिकवा. पट्टा सांगितला असेल तर सुती बनियनवरून बांधा आणि घामाने बनियन भिजलं की बदला. कोकणात किंवा मुंबईच्या उकाड्यात दिवसातून दोन-तीनदा सुद्धा. ड्रेसिंग ओलं झालं तर ते ओलंच ठेवू नका, बदलून घ्या. डोक्यावरून अंघोळ सर्जननी परवानगी दिल्यावर.

जखम पाठीला असते, पेशंटला ती दिसत नाही. दर ड्रेसिंगला, त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा. कालच्या आणि आजच्या फोटोतला फरक सर्जनना फोनवरच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

शुगर सुरुवातीला रोज चारदा. हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच बोट टोचा. आंबा किंवा केळ्याचा अंश बोटाला असला तरी आकडा भलता जास्त येतो. ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी.

९. या खुणांना थांबायचं नाही

मधुमेहींना जंतुसंसर्गात ताप येईलच असं नाही. ताप नाही म्हणून निर्धास्त राहणं हीच मोठी फसगत. अण्णांना ताप नव्हताच. कमी झालेलं दुखणं दोन-अडीच आठवड्यांनी पुन्हा वाढायला लागलं, आणि त्याच खाण्यावर, त्याच इन्सुलिनवर शुगर कारण नसताना चढली. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की सर्जनना फोन करा. जखमेतून पाझर थांबत नसेल, कडा लाल-गरम-टणक होत असतील, टाका उसवला असेल, वास येत असेल तरीही. पाण्यासारखा स्वच्छ द्रव येत असेल आणि उठून बसल्यावर डोकं दुखत असेल तर तो मज्जारज्जूभोवतीचा द्रव असू शकतो. त्याच दिवशी दाखवा. पायात नवी कमजोरी किंवा लघवी अडणं म्हणजे मध्यरात्र असली तरी निघायचं.

तळपायाची आग मात्र वेगळी. ती मधुमेहाने खराब झालेल्या नसांची असू शकते आणि ऑपरेशननंतरही राहू शकते. तिच्यावरून जखम बिघडली असं ठरवू नका.

आता सगळ्यात घातक गोष्ट. जखम पाझरते आहे म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून किंवा मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करणं. वरवर जखम सुकते, आत खोल पू तसाच राहतो, आणि पुढे कल्चर (पुवातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) केलं तर त्यात जंतूच सापडत नाही. मग कुठलं औषध लागू पडेल हे अंदाजाने ठरवावं लागतं. जवळच्या डॉक्टरांकडे जायला हरकत नाही, पण गोळी सुरू करण्याआधी त्यांना सर्जनशी फोनवर बोलायला सांगा.

१०. पू झालाच तर

सीआरपी आणि ईएसआर या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करतात. सीआरपी ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस वाढतेच आणि साधारण दोन आठवड्यांत उतरते. उतरून पुन्हा चढली तर संशय घेतात. ईएसआर उतरायला जास्त आठवडे लागतात, म्हणून तिच्या एकट्या आकड्याने घाबरू नका. मग बहुधा एमआरआय, आणि संसर्ग खोल असेल तर जखम उघडून, खराब झालेला भाग काढून, धुऊन, आतल्या भागाचं कल्चर. "स्क्रू काढणार का?" हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. लवकर लक्षात आलं तर बऱ्याचदा स्क्रू तसेच ठेवून उपचार करतात, कारण मणका त्यांच्याच आधारावर असतो. अण्णांचे तसेच आहेत.

अँटिबायोटिक कित्येक आठवडे चालतं, सुरुवातीला शिरेतून. काही औषधांनी किडनीवर ताण येतो, म्हणून क्रिएटिनिन कधी-कधी तपासायचं ते लिहून घ्या. कल्चरच्या रिपोर्टची प्रत स्वतःकडे ठेवा आणि शुगरच्या डॉक्टरांनाही द्या. बरं वाटलं म्हणून गोळ्या अर्धवट सोडायच्या नाहीत.

स्क्रू घातलेल्या ऑपरेशनमध्ये ९० दिवसांपर्यंत उद्भवलेला खोल जंतुसंसर्ग त्या ऑपरेशनचाच धरतात. म्हणून टाके काढले, जखम सुकली, पेशंट हिंडू-फिरू लागला तरी शुगरची वही आणि रोज एकदा पाठ बघणं तोपर्यंत चालू ठेवा. ऑपरेशननंतरची एचबीएवनसी तीन महिन्यांनी करा. मध्ये रक्त चढवलं असेल तर ते तपासायला सांगणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला.